सांडपाण्याचा शेवटचा माणूस

आजचा विषय जाहीर झाल्यावर दोघातिघांनी मला फोन करून विचारलं, "सर, तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसानं गटारावर काय बोलायचं?" प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर असं की आपल्याकडे या विषयाची सुरुवातच तत्त्वज्ञानातून होते. पतंजलींच्या योगसूत्रात जे पाच नियम सांगितलेत, त्यातला पहिला शौच. शौच म्हणजे शुद्धी. आणि आज मराठीत 'शौचाला जाणे' म्हणजे काय, ते मी सांगायला नको. एकच शब्द शुद्धीचाही आणि संडासाचाही. स्वतः शुद्ध व्हायचं म्हणजे काहीतरी अंगावेगळं करायचं. ते अंगावेगळं केलेलं पुढे कुठे जातं आणि कोणाच्या अंगावर जातं, याचा विचार शौचाच्या चर्चेत मला फारसा कुठे सापडला नाही.

दुसरा शब्द सांडपाणी. सांडलेलं पाणी. सांडलं म्हणजे ते आपलं राहिलं नाही. शिवाय आपण दोन पाण्यांत फरक करतो. मोरीतून जातं ते सांडपाणी, संडासातून जातं ते मैलापाणी. हा फरक आजच्या चर्चेभर लक्षात ठेवा, कारण दोघांचा इतिहास वेगळा आहे आणि सगळा घोटाळा ती दोन्ही एका नळीत गेली तिथून सुरू होतो.

आधी मोरीचं पाणी. आपल्या ठाणे जिल्ह्यातल्या जुन्या घरांच्या मागे परस असायचं. मोरीची नळी परसात उघडायची, आणि तिथे हमखास आळू, केळ, कर्दळ. आळूचं फदफदं हे खरं तर सांडपाणी प्रक्रियेचं उत्पादन आहे, असं मी विद्यार्थ्यांना सांगायचो तेव्हा मुली नाक मुरडायच्या. पण खरंच तसं होतं. मातीतले जंतू साबणाची आणि खरकट्याची घाण खायचे, मुळं पाणी प्यायची. याला कोणी यंत्रणा म्हणत नव्हतं. मात्र यात भाबडेपणा नको. ही व्यवस्था चालायची, कारण पाणीच थोडं होतं. विहिरीवरून दोन हंडे डोक्यावर आणणारी बाई पाणी सांडत नाही. म्हणजे गावाचा हा 'शुद्धीकरण प्रकल्प' बायकांच्या मानेवर उभा होता.

मैल्याचं म्हणाल, तर खेड्यात माणसं परसाकडे जायची, नाहीतर नदीकाठी, नाहीतर शेतात. गाव वाढलं, शेतं दूर गेली, की ते रोगाला आमंत्रण. आणि गावाचं शहर झालं की टोपलीचा संडास. माझ्या लहानपणी कल्याणच्या जुन्या वाड्यांमागे एक अरुंद गल्ली असायची. संडासाला खाली मागच्या बाजूने दार, आत टोपली. पहाटे माणूस यायचा, टोपली उपसून डोक्यावरून न्यायचा. त्याची वाट वेगळी, वेळ वेगळी, त्याला पाणी द्यायचं भांडं वेगळं. मला त्याचं नाव कधी कळलं नाही. विचारलंच नाही. मुंबई सरकारने या कामगारांच्या स्थितीची चौकशी करायला १९४९ मध्ये वि. ना. बर्वे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. १९५२ च्या तिच्या अहवालातला एक मोठा भर कशावर होता? मैला डोक्यावरून न नेता ढकलगाडीतून न्यावा, यावर. डोक्यावरून गाडीत. ही आपल्या सुधारणेची चाल.

आता मी तुम्हाला त्याच्या वीस वर्षं आधी रत्नागिरीच्या तुरुंगात नेतो. सीताराम पुरुषोत्तम पटवर्धन, म्हणजे आप्पासाहेब पटवर्धन, कोकणचे गांधी म्हणून ज्यांना ओळखतात, ते तिथे राजबंदी होते. गांधीजींच्या 'सत्याचे प्रयोग'चा मराठी अनुवाद यांचाच. आप्पासाहेबांनी तुरुंगात संडास सफाईचं काम मागितलं. तुरुंगाने नकार दिला. ते काम विशिष्ट जातीच्या कैद्यांनीच करायचं, असा नियम. म्हणजे बघा, ब्रिटिश सरकार जातिभेद मानत नाही असं म्हणायचं आणि तुरुंगाच्या नियमपुस्तकात जात पक्की बसलेली. आप्पासाहेबांनी अन्न कमी केलं. येरवड्यात गांधीजींना हे कळलं आणि ३ डिसेंबर १९३२ ला त्यांनीही उपवास सुरू केला. नियमाचा विचार करू असं सरकारने आश्वासन दिल्यावर तो सुटला.

ही गोष्ट सांगितली की लोक टाळ्या वाजवतात. मला मात्र इथे थांबायचं नाही. कारण या प्रकारच्या गांधीवादी सफाईवर डॉ. आंबेडकरांचा आक्षेप ठाऊक असलेल्या माणसाला तिथे थांबता येत नाही. उच्चवर्णीय माणसाने महिनाभर झाडू हातात घेतला, म्हणून ज्याच्या हातात तो जन्मभर आहे त्याची सुटका होत नाही. उलट ते काम किती थोर, असं गोडवे गाऊन सांगितलं की तो तिथेच अडकतो. १९४५ च्या आपल्या पुस्तकात बाबासाहेबांनी हे फार कठोरपणे मांडलं. आणि माझ्या मते त्याला खरं उत्तर आप्पासाहेबांच्या उपवासात नाही. ते त्यांच्या संडासात आहे.

१९४८ मध्ये त्यांनी कणकवलीला गोपुरी आश्रम काढला. तिथे त्यांनी जो संडास घडवला तो 'गोपुरी संडास' म्हणून ओळखला जातो. रचना अगदी साधी. जमिनीच्या वर बांधलेले दोन कप्पे. एक वापरायचा, वरून राख-माती-पालापाचोळा टाकत राहायचं. भरला की तो बंद करायचा आणि दुसरा सुरू. दुसरा भरेपर्यंत पहिल्याचं खत झालेलं असतं. वास नाही, ओल नाही, ओळखूही येत नाही. मागचं दार उघडून घरचा माणूस फावड्याने ते काढतो आणि माडाला घालतो. पुढे त्यांनी खड्ड्यांवरचा 'सोपा संडास'ही प्रचारात आणला.

यात तत्त्वज्ञानाचा मुद्दा काय? मैला उचलायला माणूस लागतो, कारण तो ताजा असताना उचलावा लागतो. आप्पासाहेबांनी दोन कप्पे केले म्हणजे मधे वेळ घातला. जे काम एका जातीकडून करून घेतलं जात होतं, ते त्यांनी काळाकडे सोपवलं. वर्षभर काळ काम करतो आणि शेवटी उरते माती. माती उचलायला कुठल्याच जातीची हरकत नसते. उपवासाने एका माणसाने दुसऱ्याची जागा घेतली. संडासाने ती जागाच काढून टाकली.

आता देहू. तुकोबांचं गाव, इंद्रायणीचा काठ. १९५९ मध्ये तिथल्या सरकारी दवाखान्यात एक तरुण डॉक्टर रुजू झाला, सुहास विठ्ठल मापुसकर. पहिल्याच दिवशी त्यांच्या लक्षात आलं की गावात संडास नाहीत, सगळं उघड्यावर. आणि दवाखान्यात येणारे रोगी कशाचे? जंत, हगवण, कावीळ. औषध द्यायचं, रोगी बरा होऊन घरी जायचा आणि पुन्हा तेच पाणी प्यायचा. त्यांनी लोकांना सूक्ष्मदर्शकाखाली विष्ठेतले जंत दाखवले, असं सांगतात. व्याख्यानापेक्षा हा उपाय बरा, हे मी चाळीस वर्षं व्याख्यानं देऊन कबूल करतो.

त्यांनी सरकारी नमुन्याप्रमाणे दहाएक संडास बांधून घेतले. पहिल्या पावसाळ्यात ते कोसळले. मला या गोष्टीतला हाच भाग सगळ्यात मोलाचा वाटतो. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, लोक अडाणी आहेत. मापुसकर म्हणाले, नमुना चुकला. ते शोधत शोधत आप्पासाहेबांच्या कामापर्यंत पोचले, तिथून सोपा संडास उचलला, देहूच्या जमिनीला जमेल असा केला आणि मग गावात संडास वाढू लागले. एका धडाक्यात नाही, बरं का. देहू पूर्ण हागणदारीमुक्त व्हायला २००४ साल उजाडलं. पंचेचाळीस वर्षं. आजकाल तीन महिन्यांत गाव मुक्त झाल्याचे फलक लागतात, तेव्हा मला हा आकडा आठवतो.

पुढे मापुसकरांनी आणखी एक पाऊल टाकलं. संडास थेट बायोगॅसच्या टाकीला जोडला. नाव ठेवलं 'मलप्रभा'. मळातून प्रभा. मैल्यापासून माणशी दिवसाला साधारण एक घनफूट गॅस मिळतो. पाच माणसांच्या घरात त्यावर चहा होईल, सगळा स्वयंपाक होणार नाही. पण वसतिगृहात, शाळेत, शंभर माणसं असतील तिथे त्याला अर्थ येतो. 'त्या' गॅसवर भाकरी भाजायची का, हा प्रश्न अर्थातच आला. गंमत अशी की शेणाच्या गॅसला कोणी हा प्रश्न विचारत नाही. मापुसकर २०१५ मध्ये गेले आणि २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. देहूत त्यांनी जी संस्था चालवली तिला नाव आप्पा पटवर्धनांचं दिलं होतं.

म्हणजे मराठी मुलुखात सांडपाण्याचा एक स्वतःचा विचार तयार होता. छोट्या गावासाठी, कमी पाण्यावर चालणारा आणि शेवटच्या टोकाला कोणालाही उभं न करणारा. मग आपल्याकडे, ठाणे-कल्याण-डोंबिवलीच्या पट्ट्यात, तो का रुजला नाही? इथे आली सेप्टिक टँक.

ही टाकी मूळची विलायती. इंग्लंडमध्ये एक्सेटर गावात डोनाल्ड कॅमेरॉनने १८९५ मध्ये तिला हे नाव आणि रूप दिलं. आणि ती आपल्याकडे किती लवकर आली पाहा. माटुंग्याच्या महारोग्यांच्या आश्रमात १८९७ मध्येच मैल्याच्या टाकीतून गॅस काढून त्यावर दिवे लावले गेले. जगातल्या आरंभीच्या अशा प्रयोगांपैकी हा एक. कुठे झाला? ज्यांना समाजाने गावाबाहेर काढलं होतं त्यांच्या वस्तीत. इतर कोणी आपल्या घरात तो प्रयोग करू दिला असता का, मला शंका आहे.

टाकी काय करते? मैला आत येतो, जड ते तळाशी बसतं, हलकं वर तरंगतं, हवेशिवाय जगणारे जंतू तळातला गाळ हळूहळू खातात. मधलं पाणी बाहेर पडतं. लोकांना वाटतं ते शुद्ध झालं. नाही हो. घाणीचा फार तर तिसरा हिस्सा, चांगली चालली तर निम्मा कमी होतो. रोगजंतू तर भरपूर असतात. ते पाणी जमिनीत मुरलं पाहिजे, म्हणून टाकीपुढे शोषखड्डा हवा. आणि तळातला गाळ दोन-तीन वर्षांनी उपसला पाहिजे. म्हणजे टाकी हे अर्धं काम आहे. उरलेलं अर्धं जमिनीने करायचं आणि गाळाचं काम कोणीतरी करायचं.

आता आपली जमीन कशी आहे? कणकवलीला जांभा, पाणी ओतलं की नाहीसं होतं. आपल्याकडे भातखाचरं. ज्या जमिनीत पाणी साठतं तिथेच भात होतो. शिवाय पिढ्यान्‌पिढ्या चिखलणी करून शेतकऱ्याने त्या मातीचा तळ मुद्दाम घट्ट केलेला, पाणी खाली जाऊ नये म्हणून. त्यातच खाडीलगतचा सखल भाग, जून ते सप्टेंबर पाणी वरपर्यंत आलेलं. अशा जमिनीवर इमारती उभ्या राहिल्या आणि प्रत्येकीला टाकी. शोषखड्डा कागदावर. तो केला तरी पावसाळ्यात चालणार नाही, हे गवंड्यालाही ठाऊक. मग टाकीची वरची नळी सोयीने उघड्या गटारात, गटार नाल्यात, नाला वालधुनीत किंवा उल्हासात. अंबरनाथचं शिलाहारांचं शिवमंदिर, १०६० चा शिलालेख आहे तिथे, ते या वालधुनीच्या काठी आहे. बांधणाऱ्यांनी जागा वाहत्या पाण्याकडे बघून निवडली असणार. आज तिथे प्रदक्षिणा घालताना नाकाला रुमाल लागतो.

आपल्या २७ गावांचं उदाहरण घ्या. भोपर, दावडी, काटई, निळजे, सोनारपाडा वगैरे. १९८३ मध्ये महानगरपालिका झाली तेव्हा ही गावं तिच्यात. २००२ मध्ये बाहेर. २०१५ मध्ये पुन्हा आत. २०२० च्या मार्चमध्ये त्यातली १८ बाहेर काढण्याचा निर्णय, तो डिसेंबरात उच्च न्यायालयाने रद्द केला. राजकारणात मी पडत नाही. लोकांच्या तक्रारी दोन्हीकडून खऱ्या होत्या. पण सांडपाण्याच्या नजरेने बघा. नळ, रस्ता, इमारत या गोष्टी माणसं मागून घेतात, भांडून घेतात. मलनिस्सारणाची नळी कोणी मागत नाही. तिला वीस-तीस वर्षांचा सलग विचार लागतो, आणि ज्या गावाला पुढच्या निवडणुकीत आपण कोणाकडे असू हे माहीत नाही, तिथे तो कोण करणार? मुंबईचं तरी वेगळं काय झालं? विहार तलावाचं पाणी नळाने आलं १८६० मध्ये, आणि गटारांचा प्रश्न पुढे कितीतरी वर्षं चिघळत राहिला. पाणी येतं आधी, जायची वाट मागाहून.

एक हिशेब करू. जलजीवन मिशन २०१९ मध्ये सुरू झालं. त्यात खेड्यात माणशी रोज ५५ लिटर पाणी देण्याचं ठरलं. वापरलेल्या पाण्यातलं साधारण ८० टक्के सांडपाणी होतं, म्हणजे ४४ लिटर. दीड हजार वस्तीचं गाव धरा. ६६ हजार लिटर. रोज दहा हजारी साडेसहा टँकर त्या गावाच्या गल्ल्यांतून वाहणार. दोन हंड्यांच्या काळातली आळूची आणि केळीची बाग याला पुरेल?

काही अंशी पुरेल, हे मी मुद्दाम सांगतो. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीने घरोघरी शोषखड्डे करून गटारं हटवली आणि तो 'नांदेड पॅटर्न' म्हणून गाजला. भोकं पाडलेली सिमेंटची टाकी, भोवती दगड, वरून झाकण. मोरीचं पाणी जिरलं, डास कमी झाले. पण तो मोरीच्या पाण्याचा उपाय आहे आणि मुरणाऱ्या जमिनीचा आहे. खाचरात खड्डा खणून फोटो काढले तर पावसाळ्यात त्याची विहीर होईल. आपल्याकडे मोरीचं पाणी उतारावर कर्दळ-केळीच्या लांब चरातून किंवा उथळ तळ्यातून न्यावं लागेल. आणि मैल्यासाठी, गंमत बघा, आप्पासाहेबांचे कप्पे जमिनीच्या वर होते. पाणी वर येणाऱ्या जमिनीला तेच सोयीचं.

मग माणसं दोन खड्ड्यांचा संडास का बांधत नाहीत? स्वच्छ भारतच्या काळात सरकारही तोच बांधा म्हणत होतं. डायेन कॉफी आणि डीन स्पिअर्स यांचं २०१७ चं 'व्हेअर इंडिया गोज' हे पुस्तक आहे, उत्तर भारतातल्या खेड्यांवरचं. त्यांना आढळलं की लोकांना छोटा खड्डा नको असतो, कारण तो भरेल आणि मग उपसणार कोण? सरकारी खड्डा भरायला एका कुटुंबाला पाचएक वर्षं लागतात, पण लोकांना वाटतं काही महिन्यांतच भरेल. म्हणून संडासच नको, किंवा बांधायचा तर खोलीएवढी टाकी, जी आपल्या हयातीत भरणार नाही. आपल्याकडेही मी हेच ऐकलं आहे. एका गृहस्थांनी गावच्या घरी बांधलेली टाकी मला कौतुकाने दाखवली. म्हणाले, "सर, नातवापर्यंत बघायला नको." म्हणजे काळाकडून काम करून घेण्याऐवजी काळाच्या आड लपायचं. खड्ड्यातली माती आहे हे डोक्याला कळतं. पण उपसणं म्हटलं की जात आठवते.

आणि शहरात तर लपायलाही जागा नाही. चार मजली इमारत, २८ घरं, शंभर-सव्वाशे माणसं. शहरी मापाने रोज बारा हजार लिटर. तिथे दोन कप्पे आणि वर्षभराची विश्रांती कुठून आणणार? तिथे नळी आणि प्रक्रिया केंद्रच हवं, याबद्दल माझ्या मनात संदेह नाही. गोपुरीचा उपाय दावडीच्या सात मजल्यांना लागू करा असं म्हणणारा माणूस हट्टी म्हणावा लागेल. पण नळी आली की शेवटचा माणूस परत येतो. २०१९ च्या मे महिन्यात ठाण्यात ढोकाळीच्या एका मोठ्या गृहसंकुलात सांडपाणी प्रक्रियेची टाकी साफ करताना तीन कामगार गुदमरून गेले. प्रक्रिया केंद्र होतं, यंत्रं होती, संकुल उच्चभ्रू. २०१८ च्या १ नोव्हेंबरला कल्याण पूर्वेत एका विहिरीत पाच माणसं गेली. साफ करायला उतरलेला एक, त्याला काढायला गेलेले बाकीचे, त्यात अग्निशमन दलाचे दोघे. विहीर होती हो. पिण्याच्या पाण्याची जागा. तिच्यात नाल्याची घाण उतरत होती.

हाताने मैला उचलण्यावर १९९३ मध्ये बंदी आली, २०१३ मध्ये अधिक कडक कायदा आला. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूला १० लाखांची भरपाई ठरवली, २०२३ मध्ये ती ३० लाख केली. भरपाईची रक्कम वाढवावी लागते, याचा अर्थ तुम्हीच लावा.

आमच्या सोसायटीत टाकी उपसायला टँकर आला होता. मी खाली जाऊन चालकाला विचारलं, हे कुठे रिकामं करता? तो तरुण पोरगा. हसला आणि म्हणाला, "काका, जिथं कोण विचारत नाय तिथं." मी सचिवांना विचारलं, पावती आहे का? पावती होती. उपसल्याची. टाकल्याची नव्हती.

आता शहापूर, मुरबाडच्या गावांकडे बघा. तिथून तानसा, वैतरणा, भातसाचं पाणी मुंबईला जातं, आणि त्याच भागातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर. तिथे आता घरोघरी नळ येतोय. येऊ दे, लवकर येऊ दे, बायकांच्या माना सुटू देत. पण नळाबरोबर टाकीचा ठेकेदारही येतोय. अजून त्या घरांना परस आहे, दोन कप्प्यांना जागा आहे, आळवाचा चर आहे. देहू १९५९ मध्ये जिथे होतं तिथे ती गावं आज आहेत, फक्त पाणी जास्त आहे. डोंबिवलीच्या शेजारच्या गावांना हा क्षण कधी येऊन गेला ते कळलंही नाही. मी दावडीला पहिल्यांदा गेलो तेव्हा तिथे खाचरं होती. परवा गेलो तर रस्त्याकडेच्या गटारात, कोणी लावलं नसताना, आळू वाढलं होतं. चांगलं हिरवंगार, हातभर पानांचं. खायची मात्र छाती झाली नाही.

बोला, आता तुमचे प्रश्न घेऊ.